गुप्त संघटना आतून कशी फुटते? पुणे ते लाहोर, लंडन ते वॉर्सा

लाहोर शहरात १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पोलिसांनी गदर पक्षाच्या ठाण्यावर छापा घातला आणि हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांत एकाच वेळी उठाव करण्याचा क्रांतिकारकांचा बेत धुळीस मिळाला. छाप्याची खूण पोलिसांना देणारा माणूस बाहेरचा नव्हता. तो काही दिवसांपूर्वीच पक्षात दाखल झालेला 'कार्यकर्ता' होता. या उठावाचे एक प्रमुख संघटक, पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे, हे त्यानंतर सुमारे महिनाभरात मेरठच्या छावणीत पकडले गेले. त्यांनाही फितुरीनेच पकडून दिले.

पुण्यातील चापेकर बंधूंपासून पिंगळे यांच्यापर्यंतच्या अठरा वर्षांत महाराष्ट्राशी संबंधित तीन मोठी प्रकरणे घडली. तिन्हींचा शेवट आतून मिळालेल्या माहितीने झाला. मात्र ही माहिती मिळवण्याची पोलिसांची पद्धत प्रत्येक वेळी निराळी होती. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमधील साम्यवादी राजवटीच्या गुप्त पोलिसांनी याच पद्धतीचे टोक गाठले. त्यांनी विरोधकांची संपूर्ण संघटनाच स्वतः चालवली. गुप्त चळवळी कशा फुटतात आणि त्या फुटीचे परिणाम किती काळ राहतात, हे समजून घेण्यासाठी ही प्रकरणे एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

खबऱ्या, माफीचा साक्षीदार आणि पेरलेला हेर

बोलीभाषेत या सर्वांना 'फितूर' असे एकच नाव आहे. पोलिसांच्या दृष्टीने मात्र हे तीन वेगळे प्रकार आहेत. बक्षीस, सूड किंवा सुटकेच्या आशेने माहिती देणारा तो खबऱ्या. गुन्ह्यात स्वतः सहभागी असून शिक्षेतून माफी मिळण्याच्या अटीवर सहकाऱ्यांविरुद्ध न्यायालयात साक्ष देणारा तो माफीचा साक्षीदार. आणि संघटनेत शिरण्यासाठीच पाठवला गेलेला, सहकारी असल्याचे सोंग घेणारा तो पेरलेला हेर.

ब्रिटिश हिंदुस्थानात पोलिसांना आतल्या माणसाची गरज का भासे, याचे एक उत्तर कायद्यात सापडते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. कबुली न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागे. उघड साक्षीदार नसलेल्या कटात अशी कबुली किंवा सहकाऱ्याची साक्ष याखेरीज हाती काही राहत नसे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३३७ ने गुन्ह्यातील साथीदाराला सशर्त माफी देण्याची तरतूद केली होती. साथीदाराची साक्ष ग्राह्य असली, तरी तिला अन्य पुराव्याची जोड नसेल तर ती विश्वासार्ह मानू नये, असे गृहीतक न्यायालय धरू शकत असे. त्यामुळे एका साक्षीदारावर भागत नसे. त्याच्या जबानीला दुजोरा देणारी शस्त्रे, पत्रे आणि माणसेही शोधावी लागत. एक धागा मिळाला की पोलीस सगळे वस्त्र उसवू पाहत, त्यामागे हेही कारण होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने जुन्या पुरावा कायद्याची जागा घेतली. मात्र पोलिसांसमोरील कबुली ग्राह्य न धरण्याचे तत्त्व त्यातही कायम आहे.

पुणे, १८९७: तुरुंगातून आलेली खबर

पुण्यात प्लेगच्या साथीच्या काळात घरझडत्यांमुळे तीव्र असंतोष पसरला होता. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी समारंभानंतर गणेशखिंड रस्त्यावर प्लेग आयुक्त वॉल्टर चार्ल्स रँड आणि लेफ्टनंट चार्ल्स आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच मरण पावले. रँड यांचा ३ जुलै रोजी मृत्यू झाला. 'गोंद्या आला रे' ही त्या रात्रीची सांकेतिक आरोळी आजही मराठी घरांत ठाऊक आहे.

हल्लेखोरांचा माग पोलिसांना प्रारंभी लागला नाही. सरकारने २० हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळाच्या मानाने ही प्रचंड रक्कम होती. तपास पोलीस अधिकारी ब्रुइन यांच्याकडे होता. धागा मिळाला तो तुरुंगात. बनावट दस्तऐवजाच्या प्रकरणी शिक्षा भोगत असलेले गणेश शंकर द्रविड हे चापेकरांना ओळखत होते. त्यांनी आणि त्यांचे बंधू रामचंद्र यांनी दिलेल्या माहितीवरून पोलीस दामोदर हरी चापेकर यांच्यापर्यंत पोहोचले. ऑक्टोबर १८९७ मध्ये दामोदर यांचा कबुलीजबाब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवला गेला. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. बाळकृष्ण चापेकर निजामाच्या मुलखात निसटले होते. तेही नंतर हाती लागले.

या प्रकरणात पोलिसांनी कोणालाही पेरले नव्हते. चापेकरांचा गट लहान होता. तालीम, शेजार आणि नाती यांवर तो उभा होता. अशा गटात परका माणूस शिरणे कठीण असते. परंतु त्याच कारणाने आजूबाजूच्या ओळखीच्या लोकांना बरेच काही ठाऊक असते. त्यांपैकी एकजण अडचणीत सापडला, तेव्हा ठाऊक असलेल्या गोष्टीला किंमत आली.

प्रकरण येथे संपले नाही. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री धाकटे बंधू वासुदेव चापेकर आणि महादेव विनायक रानडे यांनी ब्रुइनसाहेबांनी बोलावल्याचा निरोप देऊन द्रविड बंधूंना घराबाहेर काढले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघेही बंधू मरण पावले. पोलिसांच्या बोलावण्याचा निरोप ऐकून ते निःशंकपणे बाहेर आले, एवढी त्यांची पोलिसांशी जवळीक त्या दोघांना माहीत होती. या हत्येनंतर वासुदेव आणि रानडे लगेचच पकडले गेले. मे १८९९ मध्ये ८ तारखेला वासुदेव, १० तारखेला रानडे आणि १२ तारखेला बाळकृष्ण यांना फाशी देण्यात आले. त्यांचे सहकारी खंडो विष्णू साठे यांना वयामुळे दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. एका घरातील तिन्ही भाऊ फासावर गेले. फितुरीचा सूड घेण्यात उरलेला गटही संपला.

दप्तर आकार घेते

या काळात सरकारी गुप्तवार्ता यंत्रणाही बदलत होती. १८८७ मध्ये ठगी आणि डकैती खात्याच्या जोडीने 'सेंट्रल स्पेशल ब्रँच' स्थापन झाली होती. राजकीय, सामाजिक आणि धार्मिक चळवळींची माहिती गोळा करणे हे तिचे काम होते. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या पोलीस आयोगाच्या शिफारशींनंतर १९०४ मध्ये 'डिपार्टमेंट ऑफ क्रिमिनल इंटेलिजन्स' अस्तित्वात आले. हेच पुढे 'इंटेलिजन्स ब्युरो' म्हणून ओळखले जाऊ लागले. प्रांतोप्रांती गुन्हे अन्वेषण विभाग उभे राहिले. एखादे प्रकरण घडल्यावर खबऱ्या शोधण्याऐवजी घडण्यापूर्वीच पाळत ठेवण्याची पद्धत रूढ होऊ लागली.

लंडन: हेराला सापडलेले हेर

श्यामजी कृष्णवर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी लंडनच्या हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे 'इंडिया हाऊस' हे विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर तेथे दाखल झाले. नाशिकमधील 'मित्रमेळा' आणि १९०४ मध्ये तिच्यातून आकाराला आलेली 'अभिनव भारत' यांचा लंडनमधील केंद्रबिंदू ही वास्तू ठरली. साहजिकच 'इंडिया ऑफिस' आणि स्कॉटलंड यार्ड यांचे तिच्यावर लक्ष होते.

या वसतिगृहात दंतवैद्यकाचा विद्यार्थी म्हणून कीर्तिकर नावाची एक व्यक्ती राहू लागली. तिच्या हालचालींचा संशय आल्यावर व्ही. व्ही. एस. अय्यर आणि अन्य सहकाऱ्यांनी तिच्या खोलीची झडती घेतली. तेव्हा पोलिसांना पाठवायचा अहवालच हाती लागला. सावरकर आणि अय्यर यांनी कीर्तिकर यांना हाकलून दिले नाही. अहवाल पूर्वीप्रमाणेच जात राहतील, मात्र त्यांत काय लिहायचे ते आम्ही सांगू, अशी व्यवस्था त्यांनी केली. या बनावट अहवालांना दुजोरा मिळावा यासाठी एम. पी. टी. आचार्य यांनीही सहकाऱ्यांच्या संमतीने स्कॉटलंड यार्डला माहिती देण्याचे सोंग घेतले.

पेरलेला हेर उघडा पडला तर काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. ज्या नळीतून माहिती बाहेर जाते, त्याच नळीतून खोटी माहितीही पाठवता येते. चाळीस वर्षांनंतर पोलंडमध्ये नेमके हेच तंत्र उलट दिशेने वापरले गेले.

पाळत असूनही १ जुलै १९०९ रोजी लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी सर कर्झन वायली यांची हत्या केली. वायली हे इंडिया ऑफिसमध्ये हिंदी विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवण्याच्या कामाशी संबंधित होते. धिंग्रा यांना १७ ऑगस्ट १९०९ रोजी फाशी देण्यात आली. या अपयशानंतर मुंबई पोलीस दलातील अनुभवी अधिकारी जॉन वॉलिंजर यांना लंडनला पाठवण्यात आले. त्यांच्या कार्यालयातून पुढे 'इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स' ही संस्था उभी राहिली.

नाशिक, १९०९: पिस्तुलांचा माग

इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी म्हणून काम करणारे चतुर्भुज अमीन हे १९०९ च्या प्रारंभी दुहेरी तळ असलेल्या पेटीतून २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला घेऊन आले. याच सुमारास, २८ फेब्रुवारी १९०९ रोजी, गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना अटक झाली. राजद्रोही कवितांचे पुस्तक प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांना जूनमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा' या नाटकाच्या प्रयोगास आलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. वापरलेले पिस्तूल लंडनहून आलेल्या त्याच वीस पिस्तुलांपैकी होते. कान्हेरे जागीच पकडले गेले. परंतु त्यांच्यामागे कोण आहे, हे पोलिसांना कळले ते गणू वैद्य यांच्या जबानीतून. पोलिसांच्या हाती सापडल्यावर वैद्य यांनी माहिती दिली आणि ते माफीचे साक्षीदार झाले. अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

त्यानंतर नाशिक कटाचा मोठा खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर बॅसिल स्कॉट यांच्या अध्यक्षतेखालील विशेष न्यायाधिकरणासमोर ३८ आरोपी होते. पिस्तुले आणणारे चतुर्भुज अमीन हे स्वतःच सरकारी साक्षीदार म्हणून उभे राहिले. १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये पकडलेल्या विनायक सावरकर यांना डिसेंबर १९१० मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जॅक्सन हत्येस साहाय्य केल्याच्या आरोपावरून जानेवारी १९११ मध्ये तशीच दुसरी शिक्षा सुनावण्यात आली.

नाशिकमधील फूट पुण्याहून निराळी होती. येथे माहिती विकत घेतली गेली नाही. तुरुंगवासाच्या आणि फाशीच्या सावटाखाली ती मिळवली गेली. 'अभिनव भारत' चा विस्तार चापेकरांच्या गटापेक्षा कितीतरी मोठा होता. शपथ घेतलेले सभासद, शाखा आणि परदेशी पत्रव्यवहार असा तिचा पसारा होता. शपथ माणसाला बांधून ठेवते, पण कोठडीत ती किती काळ टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

बंगालमध्येही त्या सुमारास असेच घडले. अलीपूर बॉम्ब खटल्यातील माफीचे साक्षीदार नरेंद्रनाथ गोस्वामी यांना ३१ ऑगस्ट १९०८ रोजी तुरुंगातच कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बसू यांनी ठार केले. गोस्वामी यांची उलटतपासणी झालेली नसल्याने त्यांची साक्ष पुराव्यात धरता आली नाही. त्या दोघांना फाशी झाली. दुसरीकडे, मुख्य खटल्यात अरविंद घोष यांची १९०९ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. माफीच्या साक्षीदारावर खटला किती अवलंबून असे, हे यावरून दिसते.

लाहोर आणि मेरठ, १९१५: पेरलेला माणूस

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर अमेरिका आणि कॅनडातील गदर पक्षाचे कार्यकर्ते उठावासाठी मायदेशी परतू लागले. गदर चळवळीच्या उभारणीत डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यासारखे महाराष्ट्रातील तरुणही होते. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेलेले पिंगळे नोव्हेंबर १९१४ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. पंजाबात परतणारे गदर कार्यकर्ते आणि बनारसमध्ये भूमिगत असलेले रासबिहारी बोस यांच्यातील दुवा म्हणून त्यांनी काम केले. २१ फेब्रुवारी १९१५ ही उठावाची तारीख ठरली. लाहोरपासून पूर्वेकडच्या छावण्यांपर्यंत हिंदी पलटणींशी संपर्क साधण्यात आला.

वेळ फार थोडा होता आणि विश्वासू माणसे अपुरी होती. परदेशातून आलेल्यांना छावण्यांतील कोणीही ओळखत नव्हते. पलटणीत पोहोचण्यासाठी नातेवाईक, गाववाले आणि त्यांच्या ओळखी यांवर विसंबावे लागले. याच वाटेने कृपालसिंग नावाचा माणूस पक्षात शिरला. घोडदळातील एका नातेवाइकाच्या ओळखीवर त्याला प्रवेश मिळाला. त्यापूर्वीच पंजाब पोलिसांशी त्याचे संधान बांधले गेले होते. उठावाची तारीख त्याने पोलिसांना कळवली.

कार्यकर्त्यांना संशय आला. त्यांनी तारीख दोन दिवस अलीकडे, १९ फेब्रुवारीला आणली आणि कृपालसिंगवर नजर ठेवली. परंतु नवी तारीखही त्याला समजली आणि पहाऱ्यात असतानाच त्याने पोलिसांना खूण केली. छापा पडला. छावण्यांना इशारे गेले आणि संशयित पलटणींभोवती पहारे बसले. रासबिहारी बोस निसटले आणि त्याच वर्षी जपानला पोहोचले.

पिंगळे यांनी माघार घेतली नाही. ते मेरठला गेले आणि तेथील १२ व्या घोडदळात पुन्हा प्रयत्न सुरू केला. पलटणीतील जमादार नादिरखान याने सहकार्य देण्याचा बहाणा केला. मार्च १९१५ च्या अखेरीस पिंगळे त्या घोडदळाच्या वस्तीतच बॉम्बच्या पेटीसह पकडले गेले. भारत संरक्षण कायद्याखाली नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणाने पहिल्या लाहोर कट खटल्यात सप्टेंबरमध्ये २४ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी त्यांपैकी १७ जणांची शिक्षा कमी केली. उरलेल्या सात जणांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांत पिंगळे आणि एकोणीस वर्षांचे कर्तारसिंग सराभा यांचा समावेश होता.

पोलंड: पोलिसांनीच चालवलेली 'भूमिगत' संघटना

हिंदुस्थानातील पोलिसांनी संघटना फोडल्या. महायुद्धोत्तर पोलंडमधील गुप्त पोलीस त्यापुढे गेले. जर्मन ताब्याविरुद्ध लढलेली 'होम आर्मी' ही भूमिगत सेना तिचे प्रमुख जनरल लेओपोल्ड ओकुलित्स्की यांनी १९ जानेवारी १९४५ रोजी विसर्जित केली. सोव्हिएत फौजा देशात आल्या होत्या आणि लपून राहिलेल्यांची धरपकड सुरू झाली होती. मार्च १९४५ मध्ये वाटाघाटींसाठी बोलावून ओकुलित्स्की आणि अन्य पंधरा नेत्यांना अटक करण्यात आली आणि जूनमध्ये मॉस्कोत त्यांच्यावर खटला चालवण्यात आला.

२ सप्टेंबर १९४५ रोजी जुन्या सैनिकांनी 'स्वातंत्र्य आणि सार्वभौमत्व' या अर्थाच्या नावाची नवी संघटना स्थापन केली. पोलिश नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'विन' म्हणून ओळखली जाते. सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाच्या पोलिसांनी तिची एकामागून एक चार मध्यवर्ती मंडळे पकडली. पहिले प्रमुख यान झेपेत्स्की १९४५ च्या नोव्हेंबरमध्येच हाती लागले. फेब्रुवारी १९४७ मध्ये जाहीर झालेल्या माफीनंतर पन्नास हजारांहून अधिक लोक भूमिगत जीवन सोडून प्रकट झाले. त्यांच्या जबान्यांतून पोलिसांकडे नावे, पत्ते आणि नातेसंबंध यांचा मोठा साठा जमा झाला. चौथे प्रमुख वुकाश चेप्लिंस्की नोव्हेंबर १९४७ मध्ये पकडले गेले. तुरुंगातून त्यांनी कागदाच्या बारीक कपट्यांवर पत्नी आणि मुलासाठी मजकूर लिहून बाहेर पाठवला. १ मार्च १९५१ रोजी वॉर्सातील मोकोतूव तुरुंगात त्यांना आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांना मृत्युदंड देण्यात आला.

खरी संघटना येथे संपली होती. परंतु १९४८ पासून तिचे 'पाचवे मंडळ' कार्यरत असल्याचे परदेशातील पोलिश प्रतिनिधींना आणि त्यांच्यामार्फत अमेरिकन व ब्रिटिश गुप्तचर खात्यांना कळवले जात होते. हे मंडळ पोलिसांनी रचले होते. अटकेनंतर सहकार्यास तयार झालेले स्टेफान शेंको त्याचे प्रमुख म्हणून पुढे करण्यात आले. या कारवाईला 'चेझारी' असे सांकेतिक नाव होते. मंडळातील काही कार्यकर्त्यांना आपण खऱ्या संघटनेसाठीच काम करत आहोत असे वाटत होते. पश्चिमेकडून सुमारे दहा लाख डॉलर आणि साहित्य आले, ते थेट पोलिसांच्या हाती पडले. संपर्कासाठी पाठवलेली माणसेही त्यांच्याच जाळ्यात आली. डिसेंबर १९५२ च्या अखेरीस सरकारनेच रेडिओवरून आणि वृत्तपत्रांतून ही कारवाई उघड केली आणि तिचा प्रचारासाठी वापर केला.

ही कल्पना नवी नव्हती. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी १९२१ ते १९२७ या काळात 'ट्रस्ट' नावाची खोटी राजेशाहीवादी संघटना चालवली होती. तिच्या आमिषाने ब्रिटिश हेर सिडनी रायली १९२५ मध्ये सोव्हिएत हद्दीत आला आणि पकडला गेला. पोलंडमधील कारवाई हा त्याच धड्याचा पुढचा पाठ होता.

फूट कोठून पडते?

या सर्व प्रकरणांत काही गोष्टी समान दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे तुरुंग. द्रविड यांना तुरुंगातून, वैद्य यांना कोठडीतून आणि शेंको यांना अटकेनंतर पोलिसांनी आपल्याकडे वळवले. माणूस एकटा पडतो, बाहेर काय चालले आहे ते त्याला कळत नाही आणि इतरांनी सर्व सांगून टाकले आहे असे त्याला सांगितले जाते. अशा वेळी निष्ठेची कसोटी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे घाई. लाहोरमध्ये उठावाची तारीख जवळ आली होती. पोलंडमध्ये फुटलेली संघटना पुन्हा जोडायची होती. घाईच्या वेळी नव्या माणसाची पारख राहून जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरची मदत. शस्त्रे, पैसा आणि पत्रव्यवहार यांचा एखादाच मार्ग असतो. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती संघटना. चतुर्भुज अमीन यांना पिस्तुलांचा सगळा प्रवास ठाऊक होता. 'पाचव्या मंडळा'च्या हाती पश्चिमेचा सगळा संपर्क होता.

अटका आणि शिक्षा यांपेक्षा दीर्घकाळ टिकणारे नुकसान आणखी एक असते. ते म्हणजे संशय. अस्तनीत निखारा आहे हे कळते, पण तो कोणत्या अस्तनीत हे कळत नाही, तेव्हा प्रत्येक सहकारी परका वाटू लागतो. या संशयातून सूडाच्या कृत्यांनाही खतपाणी मिळाले. पुण्यात १८९९ मध्ये जे घडले, त्याची आठवण करून देणारी घटना १९३० मध्ये जळगावच्या न्यायालयात घडली. भुसावळ बॉम्ब प्रकरणातील आरोपी भगवानदास माहौर यांनी तेथे साक्षीसाठी आणलेल्या माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. साक्षीदार वाचले.

दप्तरातील नावे

हिंदुस्थानात या पोलिसी दप्तरांचा परिणाम खटल्यांपुरता मर्यादित राहिला नाही. न्यायमूर्ती सिडनी रौलट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१८ मध्ये दिलेला अहवाल मुख्यतः अशाच माहितीवर आधारलेला होता. त्याची सुरुवात मुंबई इलाख्यापासून, म्हणजे चापेकर आणि नाशिक प्रकरणांपासून होते आणि पंजाबातील गदर कटाचाही त्यात समावेश आहे. त्या अहवालावरून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. त्याविरुद्धच्या आंदोलनातून १३ एप्रिल १९१९ चे जालियनवाला बाग हत्याकांड घडले.

स्वातंत्र्यानंतर हीच दप्तरे इतिहासाची साधने बनली. दामोदर चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त पोलिसांच्या कागदपत्रांत जपले गेले आणि १९५८ मध्ये मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या साधनग्रंथात त्याचा इंग्रजी अनुवाद छापण्यात आला. पोलंडमध्ये १९९८ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय स्मृती संस्था साम्यवादी काळातील गुप्त पोलिसांची दप्तरे सांभाळते. २०११ पासून चेप्लिंस्की यांच्या मृत्युदंडाचा दिवस, १ मार्च, हा भूमिगत सैनिकांचा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.

मात्र या कागदांचे वाचन सावधपणे करावे लागते. खबऱ्याला मोबदला मिळतो तो बातमीबद्दल, त्यामुळे बातमी फुगवण्याकडे त्याचा कल असतो. अधिकाऱ्यालाही आपले काम महत्त्वाचे असल्याचे वरिष्ठांना दाखवायचे असते. लंडनमध्ये कीर्तिकर यांच्या नावाने गेलेले अहवाल पाहणाऱ्याला ते कोणाच्या सांगण्यावरून लिहिले गेले, हे त्या कागदावरून कळणार नाही. 'पाचव्या मंडळा'ची पत्रे वाचणाऱ्यालाही तेच लागू पडते. अमुक एकाचे नाव खबऱ्यांच्या यादीत आहे, एवढ्यावरून त्याने काय सांगितले, कोणत्या परिस्थितीत सांगितले आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी खटल्यांचे कामकाज, सहकाऱ्यांच्या आठवणी आणि समकालीन वृत्तपत्रे यांच्याशी ते नाव ताडून पाहावे लागते.

साथीदाराच्या एकट्या साक्षीवर विसंबू नये, तिला अन्य पुराव्याचा आधार शोधावा, ही सावधगिरी पुरावा कायद्याने न्यायालयांना १८७२ मध्ये सुचवली होती. गुप्त पोलिसांच्या दप्तरांवरून इतिहास लिहिणाऱ्यांनाही ती तितकीच लागू पडते. चापेकर, कान्हेरे आणि पिंगळे यांच्याविषयी जे निश्चितपणे सांगता येते, त्याचा मोठा भाग त्यांना पकडणाऱ्यांनीच लिहून ठेवला आहे. त्यांची बाजू शोधायची तर त्याच कागदांच्या ओळींमधून ती वाचावी लागते.